मागच्या सीटचं गार्ड

खडकवासल्याच्या पुढच्या एका वळणावर आमची इलेक्ट्रिक मोटरसायकल आडवी झाली. वळणावर खडी सांडलेली होती. मी मागे बसले होते. पेट्रोलची गाडी पडली तरी घरघरत राहते, ती कुठे आहे हे कळतं. ही एकदम गप्प. माझा डावा पाय तिच्याखाली होता आणि नवरा दूर खडीवर पालथा पडला होता.

पोटरीला काहीतरी गरम लागत होतं. मोबाइलवर पाहिलेले पेटलेल्या स्कूटरचे सगळे व्हिडिओ त्या क्षणी डोळ्यांपुढे आले. बॅटरी इथेच आहे, माझ्या गुडघ्यापाशी. मी धुराची वाट पाहत पडून राहिले. पाय ओढून पाहिला, निघेना.

रस्त्याकडेला कणसं भाजणारी बाई धावत आली. "हलू नगा ताई, पाय अडकलाय. मी हाय हितं." तिच्यामागून एक गृहस्थ आले आणि त्यांनी वर आलेलं उजवं हँडल धरून गाडी उचलायला घेतली. गाडी चालूच आहे हे त्यांना कळणार कसं? आवाजच नव्हता. मुठीत ॲक्सिलरेटर पिळला गेला आणि मागचं चाक गरकन फिरलं. माझ्या सलवारीचा घोळ आत ओढला गेला. कापड पायाभोवती आवळत मला चाकाकडे खेचू लागलं. मी कशी ओरडले ते मला आठवत नाही. त्या गृहस्थांनी घाबरून हँडल सोडलं, गाडी पुन्हा माझ्या पायावर आली. तेवढ्यात नवरा लंगडत आला आणि त्याने किल्ली फिरवली. त्या बाईने कणसांच्या सुरीने सलवार कापून मला सोडवलं.

काही पेटलं नाही. घोट्याचं हाड मात्र तडकलं होतं. प्लास्टर निघालं, मी चालायला लागले, तरी विश्रांतवाडीतल्या आमच्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये त्या गाडीला वळसा घालून जायचे. ती चार्जिंगला लावलेली असली की घरात बसून जळका वास येतोय का ते हुंगायचे. नवरा म्हणाला, "विकून टाकू या." मला ते नको होतं. मुलं परगावी गेल्यापासून रविवारी सकाळी आम्ही दोघंच त्या गाडीवर बाहेर पडायचो, आणि तेवढ्या वेळात आमचं खरं बोलणं व्हायचं. मी म्हणाले, "विकू नका. पण पुन्हा माझ्या पायावर पडणार नाही, असं काहीतरी बसवा."

म्हणून आम्ही नाना पेठेत गाड्यांच्या सामानाच्या एका दुकानात गेलो. मी रिक्षाने, तो गाडीवरून. दुकानदार सत्तरीचे, पांढरी दाढी, डोक्यावर जाळीची टोपी. वाडवडिलांपासून त्यांचं तिथेच दुकान. अपघाताची हकीकत ऐकून त्यांनी गाडीभोवती एक फेरी मारली.

"साडीगार्ड कुठाय?"

"काढून ठेवलं. बरं दिसत नव्हतं," नवरा म्हणाला.

त्यांनी माझ्या घोट्याकडे पाहिलं. "आता हे बरं दिसतंय का?"

नवऱ्याने विषय बदलून भिंतीवरचं सगळ्यात रुंद, जाड नळ्यांचं गार्ड दाखवलं. ते बसवायला खालच्या बाजूला भोकं पाडावी लागणार होती. बॅटरीच्या पेटीला लागूनच. मी दोन पावलं मागे सरकले. दुकानदारांनी हात हलवला. "ते नको. बॅटरीजवळ ड्रिल मी लावणार नाही. आणि हे हँडलपेक्षा रुंद आहे, ट्रॅफिकमध्ये कुणालातरी अडकेल आणि तुम्ही दोघं परत पडाल." मग कंपनीच्याच बोल्टांवर बसणारं एक आटोपशीर गार्ड त्यांनी पुढे लावलं.

"झालं," नवरा म्हणाला.

"आडवी करा," मी म्हणाले.

"काय?"

"गाडी आडवी करा, अहो. मला बघायचंय."

दुकानदार आतून गोणपाटं घेऊन आले. दोघांनी गाडी हळूहळू डाव्या अंगावर टेकवली. किल्ली माझ्याच मुठीत होती, तरी चाक फिरेल असं वाटत राहिलं. मी वाकले आणि पायाएवढी जाड घडी केलेलं एक गोणपाट पुढच्या फटीत सरकवलं. आरामात गेलं. मग मागे, जिथे माझा पाय असतो तिथे सरकवून पाहिलं. ते कोपऱ्याशीच अडलं. मागची पायटेकणी दुमडून गाडी जवळजवळ जमिनीला लागली होती.

नवरा शेजारी उकिडवा बसला होता. त्यानेही ते गोणपाट ढकलून पाहिलं. पुन्हा एकदा ढकललं.

"म्हणजे माझा पाय वाचेल," तो हळूच म्हणाला.

"हो."

"सगळे पुढचंच गार्ड मागतात," दुकानदार म्हणाले. "मागे कोणी बसतं, हे नवऱ्यांच्या लक्षात राहत नाही."

नवरा हसला नाही. त्याने स्वतः मागच्या बाजूची गार्डं पाहायला सुरुवात केली, एकेक लावून बघायला सांगितलं, आणि प्रत्येक वेळी गाडी आडवी करून ते गोणपाट स्वतः सरकवलं. तिसऱ्या गार्डाला ते सहज गेलं. साडीगार्डही नवं घेतलं.

परत येताना मी मागे बसले. नदीवरच्या पुलावर एक बस अगदी कानाजवळून गेली तेव्हा मी डोळे मिटून घेतले आणि त्याचा शर्ट पोटाशी गच्च आवळला. नवं लोखंड दोन्ही बाजूंना होतं, हे मला माहीत होतं. भीतीला माहीत नव्हतं. येरवड्याच्या सिग्नलला त्याने मान वळवून विचारलं, "उतरायचंय का? रिक्षा करून देतो."

मला उतरायचं होतं. पाय खाली टेकलाही होता. पण सिग्नल सुटला, मागून हॉर्न वाजायला लागले, आणि मी पाय उचलून घेतला.

"सावकाश चालवा," मी म्हणाले. घरापर्यंत तो रस्त्याच्या कडेकडेने, सायकलवाल्यांच्याही मागे राहून चालवत राहिला.