माझ्या नावापुढची फुली

मुलाने कोड्यांचं पुस्तक आणून माझ्या मांडीवर ठेवलं तेव्हा माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. "आई, रोज एक सोडव. मेंदूला व्यायाम होतो," तो म्हणाला. पाच वर्षांच्या मुलीला 'दूध पी' म्हणतो तोच आवाज. मी पुस्तक उचलून टीव्हीच्या मागे टाकलं.

मेंदूला व्यायाम हवा असं घरात ठरण्याचं कारण गॅस. मागे एका रविवारी आम्ही सगळे मुलुंडला पुतणीच्या साखरपुड्याला निघायच्या गडबडीत होतो. मी आत साड्या बघत होते. सून आंघोळ करून बाहेर आली आणि ओरडली. शेगडीवर पातेलं होतं, खिडकीच्या वाऱ्याने ज्योत विझली होती आणि गॅस तसाच सुटत होता. हॉलमध्ये नात जमिनीवर बसून चित्र रंगवत होती. सुनेने बटण फिरवलं, मुलाने बाकीच्या खिडक्या उघडल्या आणि मग तो माझ्याकडे वळला. "आई, गॅस चालू ठेवलास तू!" माझे यजमान खाली वॉचमनशी गप्पा मारून, पेपर घेऊन तेवढ्यात दारात आले होते. त्यांनी नुसती मान हलवली. "ती हल्ली विसरते," म्हणाले.

खटला तिथेच संपला. स्वयंपाकघर माझं, म्हणून चूक माझी. आणि सगळ्यात चीड कशाची येत असेल तर ह्याची, की मलाही ते पटलं. ठेवलं असेल मीच, आणखी कोण ठेवणार?

दुसऱ्या दिवसापासून नात शाळेतून घरी येईना. इतके दिवस मी तिला आणायची, वरण-भात भरवायची, दुपारी ती माझ्या कुशीत झोपायची. आता तिला सेक्टरातल्या पाळणाघरात ठेवू लागले. ओट्याखालचा पाइपच्या गॅसचा व्हॉल्व्ह सून कामाला जाताना बंद करायची आणि तो उघडायचा अधिकार ह्यांना. ह्यांना चहा करता येत नाही, फक्त पाणी तापवता येतं. म्हणून सून आमच्या दोघांचा चहा थर्मासमध्ये भरून ठेवायची. चारकोपच्या इंडस्ट्रियल इस्टेटमध्ये औषधाच्या कंपनीत पॅकिंगला मी आयुष्य काढलं, एक बाटली चुकीच्या खोक्यात गेली नाही. बुद्धविहारात रविवारची वंदना मी अजून पाठ म्हणते. पण नाही, साठी बुद्धी नाठी! त्या थर्मासच्या चहाला प्लास्टिकचा वास यायचा आणि मी तो मूग गिळून प्यायची.

टीव्हीमागचं पुस्तक एका दुपारी मीच काढलं, कारण घर खायला उठलं होतं. पहिलं कोडं इमारतीचं होतं. पाच मजले, पाच घरं, प्रत्येकाचा धंदा वेगळा आणि त्या दिवशीचं जेवण वेगळं. खाली उभ्या-आडव्या चौकोनांची जाळी. जे शक्य नाही तिथे फुली, जे नक्की तिथे टिंब. कोण कुठे राहतो आणि काय खातो ते शोधायचं. मला वाटलं, ह्यात काय मोठं? दुसऱ्याच्या घरात काय शिजतंय हे तर आम्हाला जिन्यातच कळतं.

एक आडनाव गुजराती होतं. मी सूचना न वाचताच त्यांच्यापुढे मच्छीच्या चौकोनात फुली मारली. मुंबईत राहणारं कुणीही मारील. आमच्या विंगमध्ये तर बोंबील तळला की वरच्या मजल्यावरून खिडक्या आपटतात. पुढे मात्र कोडं काही केल्या सुटेना. एकाच घरात दोन-दोन जेवणं यायला लागली. मी चिडून पेन्सिल फेकली, पुन्हा उचलली, खोडून खोडून कागद फाटला.

संध्याकाळी सुनेने वाकून पाहिलं. "आई, ही फुली कशावरून मारलीत?"

"अगं, ते कुठे मच्छी खाणार?"

"पण हे लिहिलंय कुठे?"

"लिहायला कशाला पाहिजे? माहीत असतं ना!"

"कोड्यात असं चालत नाही हो," ती हसली. "लिहिलंय तेवढंच खरं."

मी ती फुली खोडली. मग सगळं सुटत गेलं आणि शेवटी मच्छी त्यांच्याच घरात निघाली. मला आनंद व्हायला हवा होता. मी मात्र त्या चौकोनाकडे बघत बसले. माझ्या नावापुढे गॅसचं टिंब काढलं, ते कुठे लिहिलं होतं?

त्याच पानाच्या मागे मी आमची जाळी आखली. मी, हे, मुलगा, सून. आता माहीत असलेलं नको, फक्त घडलेलं. त्या दिवशी गोंधळ शमल्यावर ते पातेलं मीच मोरीत ओतलं होतं. त्यात नुसतं पाणी होतं, स्वच्छ. मी चहा ठेवते तेव्हा गार पाण्यातच साखर, पूड, आलं सगळं टाकते. त्यावरून मुलगा मला 'काढेवाली' म्हणतो. म्हणजे ते पाणी चहाचं नव्हतं. सुनेने आणि मुलाने गीझरच्या पाण्याने आंघोळ केली होती, त्यांना पातेल्याचं काय काम? नुसतं पाणी शेगडीवर ठेवणारा आमच्या घरात एकच माणूस. दाढीपुरत्या पाण्याला गीझर कशाला, म्हणून रोज सकाळी पातेल्यात तापवतो आणि मग्यात घेऊन जातो.

पण त्यांनी ते पाणी नेलं नाही, हे कशावरून? मी सुनेकडून फोन मागून घेतला. साखरपुड्याचे फोटो उघडले. नवऱ्या मुलीशेजारी हे उभे, अंगात इस्त्रीचा कडक शर्ट, आणि गालांवर पांढरे खुंट. एरवी दाढी केल्याशिवाय चारचौघांत न जाणारा माणूस!

जेवणं झाल्यावर मी पान आणि फोन दोन्ही टेबलावर ठेवले आणि एकेक सांगत गेले. सून बोट ठेवून बघत होती. यजमान फोटो लांब धरून, मग जवळ आणून पाहत राहिले. "हो गं," शेवटी म्हणाले. "ठेवलं असेल मीच. पेपरवाला दिसला म्हणून खाली गेलो बहुतेक."

मुलगा हसला. "जाऊ दे ना आई. होतं असं कधी कधी. बाबांचंही वय झालंय."

चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ते बरं, इथे तर चोर सापडल्यावर त्याला कुरवाळायला लागले. "बाबा विसरले तर होतं असं," मी म्हटलं, "आणि मी विसरले तर व्हॉल्व्ह बंद, पोरगी पाळणाघरात आणि माझ्या हातात कोडी? हे रे कुठे लिहिलंय?" माझा आवाज शेजारी गेला असणार. जाऊ दे. "उद्यापासून पोरीला मी आणणार," एवढं सांगून मी उठले.

दुसऱ्या दिवशी दुपारी नातीला घेऊन आले. तिचे हातपाय धुतले, तिला खायला दिलं. मग ओट्याखाली वाकून व्हॉल्व्ह उघडला आणि पाणी, साखर, पूड, आलं एकदम टाकून एक कप चहा ठेवला. उकळीचा वास हॉलपर्यंत गेला असावा. यजमान स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभे राहिले.

"मला पण ठेव गं जरा."

सुनेने सवयीने सकाळीच भरून ठेवलेला थर्मास मी त्यांच्यापुढे सरकवला.

"तुमचा यात आहे."