बासरीचा पुरावा

ऐंशीच्या दशकात मी अंधेरीच्या एका रेकॉर्ड कंपनीत कारकून होतो. मुलुंडहून एक म्हातारा बासरीवादक दर महिन्याला यायचा. रेडिओवर नेहमी लागणाऱ्या एका गाण्यातली बासरी त्याची होती. त्याच्या वाट्याचे पैसे आमच्याकडे पडून होते, पण रेकॉर्डवर त्याचं नाव नव्हतं आणि ओळख पटवणारे संगीतकार वारले होते. खुर्ची दिली तरी तो पिशवी छातीशी धरून उभाच राहायचा.

एकदा साहेब वैतागले. "बाबा, मग इथेच वाजवून दाखवा ना!"

त्याने बासरी रुमालाने पुसून ओठाला लावली. नुसती हवा निघाली. तो खोकत वाकला.

"माफ करा साहेब," तो म्हणाला, "दम होता तो त्या गाण्यातच गेला."

तो पुन्हा आला नाही. माझं अक्षर चांगलं, म्हणून त्याच्या अर्जावर 'पुरावा नाही' लिहायचं काम माझ्याकडे आलं. मी लिहिलं.