सुईचा स्क्रू

सुई तुटली, तुकडा उडाला, रेजिनाच्या डोळ्याखाली रक्त — आणि माझी छाती अशी धडधडायला लागली की दूध झिरपून ब्लाउज ओला झाला. हे मी कोणालाच बोलले नाहीये. नवऱ्याला पण नाही. तुम्हाला सांगते, कारण तुम्ही मला ओळखत नाही.

वसईच्या एका शिलाईच्या गाळ्यात आम्ही दोघी ट्रायलला आलेलो. कामाची जागा एकच, कॉलर शिवून दाखवायची. रेजिना भुईगावची, मी विरारची, आठवीत शाळा सोडलेली. घरी सगळे म्हणायचे, हिच्या हाताला काय सफाई आहे. आणि इथे जमलंच नाही तर? बाळाला सासूकडे टाकून आलेली मी — काय तोंड दाखवणार होते? ट्रायल घेणारा मास्तर चहाला गेला तेव्हा मी मला दिलेल्या मशीनच्या सुईचा स्क्रू सैल केला. थोडासाच. कॉलर वाकडी आली तर सांगायचं, मशीनच खराब होती. बस, एवढंच.

पण मास्तर आला आणि त्याने आधी रेजिनाला बसवलं. माझ्या मशीनवर. मी तोंड उघडलं होतं — खरंच उघडलं होतं. आवाज नाही आला.

मग सुई तुटली. मास्तर, इस्त्रीवाला, सगळे पुरुष म्हणाले, बिचारी घाबरली, उद्या परत बोलवू. बायकांनी मात्र स्क्रू बघितला. धागे कापणारी मावशी म्हणाली, "आपोआप सैल होतो काय? हिनेच केलाय. नापास झाली तर सांगायला बरं." बाकीच्या पण सुरू झाल्या. आम्ही पोरं टाकून येतो, हिला नाटकं सुचतात. एकीला दया नाही आली. त्यांना सगळं बरोबर कळलेलं — फक्त बाई चुकीची धरलेली.

रेजिनाने रुमाल गालाला धरला होता. माझ्याकडे बघून म्हणाली, "अगं, तू होतीस ना इथे. सांग ना यांना."

मी म्हणाले, "मी बघितलं. हिनेच हात लावला."

तिला परत नाही बोलवलं. मी दुसऱ्या मशीनवर बसले. कॉलर सरळ आली — पहिल्याच झटक्यात.

आता मावशी माझ्या बाळाला खाऊ पाठवते. इथल्या पापडी गावच्या बाजारात गालावर डाग असलेली बाई दिसली, की मी बाळाला पदराखाली घेऊन गल्लीत शिरते. ती नसली तरी.

तुम्ही काय केलं असतं, असं विचारणार होते. नाही विचारत. स्क्रू मी सैल केला. नाव तिचं घेतलं.