सात मिनिटांचा फोन

आमची आत्या टीव्हीसाठी लिहिणारी पहिली बाई. आज मालिका लिहिणारी निम्मी मंडळी तिच्याच हाताखाली तयार झालेली. तिच्या पहिल्या नाटकाच्या दिवसाची गोष्ट ही मंडळी तिखटमीठ लावून सांगतात. मी खरी सांगते, कारण मला ती खुद्द आत्याने सांगितली आहे.

आत्या टेलिव्हिजन केंद्रात टायपिस्ट होती. दुसऱ्यांची नाटकं टाइप करून करून तिला वाटायला लागलं, यापेक्षा बरं तर मी लिहीन. तिने लिहिलं, निर्मात्याने घेतलंही. पण नाव द्यायची वेळ आली आणि मेल्याने कच खाल्ली.

"टायपिस्टचं नाव पडद्यावर? लोक हसतील हो. 'केंद्राची निर्मिती' एवढं पुरे."

"हसू देत. लिहिलंय मी, नाव माझं हवं."

"आधी नाटक पार पडू दे, मग बघू," म्हणत त्याने वेळ मारून नेली.

तेव्हा रेकॉर्डिंग नव्हतं. स्टुडिओत नाटक चालू असायचं आणि त्याच क्षणी ते घरोघरी दिसायचं. आत्याने एक घोळ करून ठेवला होता. "आई अजून आली नाही?" हे वाक्य तिने दोन ठिकाणी लिहिलं होतं. नायकाने ते पहिल्यांदा म्हटलं आणि पुढे थेट दुसऱ्या ठिकाणचे संवाद सुरू केले! मधली सहा पानं गायब. नाटक सात मिनिटं आधी संपणार, आणि वर त्या पानांतलं आईचं पत्र न वाचताच मुलगा तिला माफ करणार. निर्मात्याने कपाळाला हात लावला.

सेटवरचा टेलिफोन कंट्रोल रूमला जोडलेला होता, तालमीत सूचना द्यायला. आत्याने तिथून तो वाजवला. नायकाने दचकून उचलला.

"घाबरू नका. मी सांगते तेच बोला. म्हणा, कोण, मावशी?"

"कोण? मावशी?"

"म्हणा, आईने पत्र लिहिलं होतं? मला?"

पत्रातलं सगळं दुःख मावशीने असं फोनवरून सांगितलं. एकेक वाक्य आत्या तिथल्या तिथे जुळवत होती. नायकाच्या डोळ्यांना धारा लागल्या. सातव्या मिनिटाला तिने फोन ठेवला तेव्हा दारात आई उभी होती. हे ऐकताना अजूनही माझ्या अंगावर मूठभर मांस चढतं.

शेवटी कॅमेरा नावांच्या पाटीकडे वळला. त्या पाट्या केंद्रातला पेंटर हाताने रंगवायचा. 'केंद्राची निर्मिती' ही पाटी तयार होती, पण पडद्यावर आली दुसरीच. 'लेखन', आणि खाली आत्याचं पूर्ण नाव. रंग ओला, शेवटच्या अक्षरावरून ओघळ आलेला.

निर्माता पेंटरवर धावून गेला. "कुणाला विचारून लिहिलंस? पूस ते!"

पेंटर शांतपणे ब्रश धूत म्हणाला, "पुसतो की. पण साहेब, आता घरोघर जावं लागेल."