दांड्याची मशीन

आज मुलाच्या मोबाईलमधून नाणी पडल्याचा आवाज आला. "आई, जिंकलो!" तो ओरडला. तो आवाज मी आधी ऐकला होता.

बऱ्याच वर्षांपूर्वी पाथर्डीच्या बाजारात मी आणि नवरा ऊसतोडीच्या गाडीसाठी बैल घ्यायला गेलो होतो. एका तंबूत दांडा ओढायची जुगाराची मशीन होती. तिला ग्रीसचा वास येत होता. नवरा म्हणाला, "तू वढ, तुझा हात लई चांगला हाय."

"आवो, आधी बैल बघा," म्हणत मी दांडा ओढला. तीन आंबे एका रांगेत थांबले आणि ओंजळभर नाणी पडली. मी खदाखदा हसले.

मग नवरा तिथून हलेना. "गाय बी आधी चारा खाती, मंग दूध देती," म्हणत बैलाच्या पैशांची नाणी करून घालत राहिला. संध्याकाळी आम्ही रिकामा कासरा घेऊन परतलो.

आता मोबाईलवरच्या जुगाराला दांडाही लागत नाही, बोट पुरतं. तेव्हा वाटलं, नवऱ्याने बैल घालवला. खरं तर मी जिंकले, तेव्हाच बैल गेला होता.