माफीनाम्यांची फाइल

मुलीचा चेहरा पाहता यावा म्हणून मी एका बाईची नोकरी घालवली. हे आजवर मी कोणालाच सांगितलेलं नाही. बायकोला नाही, मुलीलाही नाही. तोंडानं सांगायला गेलो तर मधलाच एखादा भाग गिळून टाकीन, म्हणून लिहून काढतोय.

आर्वीतल्या एका कॉलेजच्या ऑफिसात मी मोठा बाबू आहे. सात-आठ वर्षांपूर्वी आमच्या इंटरनेटवर पहारा बसला. नागपूरहून इंजिनिअर आला, भिंतीवर एक डबा ठोकून गेला. त्यानंतर फोटोंच्या, गाण्यांच्या, गप्पांच्या साइट उघडेनात. उघडायला गेलं की पडद्यावर लाल पट्टी यायची, ‘परवानगी नाही’. पोरांनी आठ दिवसांत त्यातून वाट काढली. एकाला लॅबमध्ये रंगेहाथ पकडून माझ्यासमोर उभं केलं.

आमच्या ऑफिसची एक रीत आहे, आणि ती मीच पाडलेली. माफीनामा नुसता ‘चूक झाली, माफ करा’ असा घ्यायचा नाही. काय केलं, कसं केलं, सगळं क्रमानं लिहून घ्यायचं, म्हणजे उद्या पोरगं शब्द फिरवू शकत नाही.

‘‘सर, एवढं सगळं लिहू?’’ त्यानं विचारलं.

‘‘लिही ना. करताना कंटाळा आला नाई, लिहिताना येऊन राह्यला का?’’

ऑफिस हसलं. त्यानं लिहिलं. ब्राउझरला कुठलं फुकट व्हीपीएन जोडायचं, कुठलं बटन दाबायचं, दुसरा एखादा देश कसा निवडायचा. म्हणजे आपण कुठं जातोय ते भिंतीवरच्या डब्याला कळतच नाही. चौथी ओळ होती, काम झालं की सगळं पुसून टाकायचं. मी सही घेतली, ऑफिसातल्या कॉम्प्युटर ऑपरेटरबाईनं आवक नोंद केली, कागद फाइलला लागला.

त्याच वर्षी माझ्या मुलीनं पुण्यात लग्न केलं. मुलगा बौद्ध. आम्ही शेतकरी घरचे, वडनेरची शेती मोठा भाऊ पाहतो. त्याच्या अंगणात चार नातेवाइकांसमोर मी म्हणालो, ‘‘मले पोरगी नाई.’’ कोणी जबरदस्ती केली नव्हती. भावानं फक्त माझ्याकडे पाहिलं, तेवढ्यावर मी बोलून गेलो. माझ्याकडे तेव्हा बटनांचा फोन होता. घरात मोठा फोन एकच, तो माझ्या मुलाच्या हातात, आणि तो काकाच्या बाजूचा.

तीन-चार महिने कसेबसे काढले. मुलगी आपले फोटो त्या बंद केलेल्या साइटवर टाकते, एवढं मला ठाऊक होतं. मग एका दुपारी कपाट उघडलं आणि तो माफीनामा वाचायला बसलो. ओळीवर बोट ठेवून.

माझ्या कॉम्प्युटरवर नवीन काही बसवता येत नसे. ते जमायचं फक्त ऑपरेटरबाईच्या लॉगिनवर, कारण शिष्यवृत्तीचे फॉर्म भरायला तिला मोकळीक दिलेली होती. ती तिशीतली, एजन्सीमार्फत कंत्राटावर लागलेली. तीही बौद्ध घरची. तिचा पासवर्ड भिंतीवरच्या कॅलेंडरमागं पेन्सिलीनं लिहिलेला असायचा. ती सुटीवर असली तर काम अडू नये म्हणून मीच तो लिहून घेतला होता. दीडला ती डबा घेऊन मुलींच्या खोलीत जायची, शिपाई तंबाखूचा खर्रा खायला बाहेर. दोनपर्यंत ऑफिसात मी एकटा.

पहिल्याच फोटोत मुलगी वरणाला फोडणी देत होती. केस कापले होते तिनं. मी पडद्यावर हात ठेवला आणि चटका बसल्यासारखा काढला.

मग ते रोजचंच झालं. तिला दिवस गेल्याचं मला तिथंच कळलं, हिरव्या साडीतल्या ओटीभरणाच्या फोटोवरून. ओटी भरणाऱ्या बायांत ओळखीची एकही नव्हती. बायकोला सांगावं, तर कुठून कळलं हेही सांगावं लागलं असतं. नाही सांगितलं.

एकदा प्राचार्यांनी अचानक बोलावलं आणि पान तसंच उघडं राहिलं. धावत परत आलो तर ऑपरेटरबाई खुर्चीवर, समोर शिष्यवृत्तीचा फॉर्म. पान आपोआप बंद झालं असेल, अशी मी स्वतःची समजूत घातली. माफीनाम्यातली चौथी ओळ मी कधीच नीट पाळली नाही.

पुढं त्या फुकटच्या व्हीपीएनमधून काहीतरी आत शिरलं. एका सकाळी तिच्या कॉम्प्युटरवरच्या सगळ्या फाइली कुलूप लावल्यासारख्या बंद. शिष्यवृत्तीची सगळी कागदपत्रं त्यातच. इंजिनिअर परत आला. प्राचार्यांच्या खोलीत ते दोघं, ती आणि मी.

‘‘रोज दीड ते दोन व्हीपीएन चालू. लॉगिन मॅडमचं,’’ इंजिनिअर म्हणाला.

‘‘ही युक्ती आपल्याकडे कोणाला ठाऊक होती?’’ प्राचार्यांनी विचारलं.

माफीनाम्यांची फाइल मीच आणून दिली. मागितली म्हणून दिली, असं तेव्हा मनाला सांगितलं. त्या पोराच्या माफीनाम्याची आवक नोंद तिच्या अक्षरात होती, म्हणजे युक्ती तिला ठाऊक, असाच अर्थ निघाला.

‘‘सर, दीड वाजता मी डबा खायले जाते जी. पोरींले विचारा.’’

‘‘पोरी काय, तुमच्यासाठी काहीही सांगतील,’’ प्राचार्य म्हणाले.

मग ती माझ्याकडे वळली. ‘‘मोठे बाबू, तुमी सांगा ना. तवा मी खुर्चीवर राहते का?’’

सगळे माझ्याकडे पाहू लागले. खरं बोललो असतो तर ती वाचली असती. पण मग अंगणात बोललेलं खोटं पडलं असतं, आणि वडनेरपर्यंत गेलं असतं.

‘‘माझं काही लक्ष नसते,’’ मी म्हणालो.

एजन्सीला एक फोन गेला, चौथ्या दिवसापासून ती यायची बंद झाली. फॉर्म पुन्हा भरले गेले, मुदतही वाढून मिळाली. तिच्या नावावर मात्र ठपका राहिला, आणि तो पुसला गेला नाही म्हणून दुसऱ्या कुठल्या ऑफिसात तिला कोणी घेतलं नाही, असं कानावर आलं.

मागच्या हिवाळ्यात नागपूरचं विद्यापीठाचं काम उरकून मी एसटीनं वडनेरला निघालो होतो. गाडी जामच्या चौकात थांबली, चहाला उतरलो. टपरीत कढईसमोर ती.

‘‘मोठे बाबू ना? बसा. पोह्यावर तर्री टाकू?’’

‘‘नको. तिखट झेपत नाई आता.’’

‘‘थे तं तुमाले तवाबी नव्हतं झेपत.’’ ती हसली नाही. पोहे प्लेटमध्ये काढत म्हणाली, ‘‘पोरगी कशी हाय तुमची? काय झालं तिले?’’

‘‘मुलगी झाली,’’ मी कसंबसं म्हणालो. ‘‘शाळेत जाते. आता फोनवर बोलणं होते आमचं. पण तुम्हाला कसं...’’

‘‘एक डाव पान उघडं सोडून गेलते तुमी. मीच बंद केलं. म्हटलं, कोनी पाह्यन.’’

‘‘मग त्या दिवशी काऊन नाई सांगतलं?’’

‘‘कंत्राटीवालीचं कोनं मानलं असतं? अन् मले वाटलं, तुमी बोलान. तुमचा फोन यीन म्हनून तीन दिवस फोन हातातच धरून होती मी.’’

मागून कंडक्टरनं हाक मारली. ‘‘जा,’’ ती म्हणाली, ‘‘गाडी सुटन तुमची.’’ आणि पुढच्या गिऱ्हाइकाकडे वळली. मी गेलो. माफी मागायला तोंड उघडलं होतं, पण गाडीत चढलो.

मी अजून त्याच खुर्चीवर बसतो. पोरांचे माफीनामे अजून मीच लिहून घेतो, क्रमानं. माझा स्वतःचा एक लिहायचा राहिला आहे. काय केलं, कसं केलं, कोणाच्या लॉगिनवर केलं, खाली माझी सही, आणि आवक नंबर टाकून प्राचार्यांच्या टेबलावर. तो कागद मी त्या बाईला देणं लागतो. अजून दिलेला नाही.