न गेलेलं पोस्टकार्ड

वामनकाका गेल्याचं शिपायाने दारातूनच सांगितलं. मी मान खाली घालून कार्डं लावत राहिले... रडले असते, तर कुणी काही विचारलं असतं.

रुग्णालयाच्या नोंदणी विभागात काका आणि मी, आम्ही दोघंच. फुप्फुसाचा कॅन्सर पसरलेल्या प्रत्येक रुग्णाचं एक कार्ड असे. कोणते उपचार दिले, किती दिवस बरं वाटलं, आज माणूस आहे की नाही, हे त्यावर लिहायचं. पुढच्या तपासणीच्या तारखेची पोस्टकार्डंही आम्हीच पाठवत असू. उत्तर आलं नाही की काका एसटीने थेट गाव गाठत. "अंदाजानं लिहू नको पोरी, माणूस पाहून लिही," म्हणत.

एकदा त्यांचा गुडघा सुजला, म्हणून उत्तर न आलेल्या एका म्हाताऱ्याच्या चौकशीला पारशिवनीला मी गेले. माझी शाळा इंग्रजी. माझ्या मराठीला लोक हसतील या धास्तीने बोलणंच टाळायची. स्टँडवरच्या पानवाल्याला नाव दाखवलं. "तो खोकणारा बुढा? गेला असन बाप्पा, बहुत दिसापासून दिसला नाही." त्याचं खेडं तिथून दोन मैल होतं. मी परतीच्या एसटीत बसले आणि कार्डावर लिहिलं, मृत.

तीन महिन्यांनी म्हातारा बायकोच्या आधाराने आमच्या दारात उभा! "तुमचं कारडच नाही आलं बाई. मले वाटलं, डॉक्टरनं सोडलं. बिनाकारडाचा आलो, हाकलता काय?" तो हसला आणि खोकत खाली बसला. दुखणं हाडांत उतरलं होतं. वेळेवर किरणांचा शेक दिला असता तर एवढं सोसावं लागलं नसतं, असं डॉक्टर म्हणाले. मग कार्ड पाहून ओरडले, "हे कुणी लिहिलं?"

"माझ्या सांगण्यावरून लिहिलं तिनं, साहेब," काका म्हणाले. मी पुढची कार्डं लावू लागले.

पुढे त्या कार्डावरच्या नोंदी काकाच करत, अगदी शेवटचीही. त्यांना कसं कळतं, हे मी विचारलं नाही. त्यांनीही तो विषय कधी काढला नाही.

तेराव्यानंतर सक्करदऱ्याला त्यांच्या घरी गेले. काकूंनी चहा दिला, जवळ बसल्या. "पारशिवनीच्या त्या बुढ्याले पाहाले हे महिन्याच्या महिन्याले जात. तो जाईपर्यंत. म्हणत, पोरगी विचारून राहिली, जाऊन येतो. तूच नं वं ते पोरगी?"

मी एकदाही विचारलं नव्हतं. खुंटीवर काकांची कापडी पिशवी होती, तिच्या तळाशी एसटीच्या तिकिटांचा चुरा...

"हो काकू," मी म्हणाले.